आरशाची झोळी

माधवनगरच्या बनाबाई खरातला सरळ प्रश्न विचारून सरळ उत्तर मिळालेला माणूस तिच्या आळीत शोधूनही सापडला नसता. "बस गेली का, मावशी?" असं कुणी विचारलं, की "न्हाई, तुमची वाट बगत कोपऱ्यावर बसलीया," असं म्हणायची आणि चेहरा मात्र असा ठेवायची, की विचारणारा खरंच कोपऱ्याकडे बघायचा. तिच्या नवऱ्यानं हे बावीस वर्षं सोसलं आणि मग तो वारला. तो गेल्यावर ती चार महिने नीट वागली. पाचव्या महिन्यापासून पुन्हा पहिल्यासारखी.

तीस वर्षं तिनं यंत्रमागाच्या शेडात काढली. काम कांड्या भरायचं, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळीवर सूत गुंडाळायचं. पण ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, बीमाच्या रुळावर चढायला लागला की निळीचं भांडं घेऊन ती तिथंही हजर असायची. ताण्यावर ठरावीक अंतरानं निळीची रेघ ओढायची, म्हणजे एक धोतर कुठं संपलं नि दुसरं कुठं सुरू झालं, हे विणणाऱ्याला कळतं. या निळीचा तिनं आणखीही एक उपयोग शोधला होता. मुकादम कोंडीबा छातीवर हात ठेवून सांगायचा, की मी दिवसातून तीनदा मागच्या गोदामात चक्कर मारतो. बनाबाईनं एका सकाळी गोदामाच्या उंबऱ्यात निळीची भुकटी पसरली आणि संध्याकाळी सगळ्या बायकांना नेऊन दाखवलं. भुकटीवर उंदराची पावलं होती, मांजराची होती, मुकादमाचं एकही नव्हतं. कोंडीबा पुढं महिनाभर तिच्याशी बोलला नाही, आणि ही येता-जाता त्याला "उंदरं काय म्हंत्यात गोदामातली?" असं विचारत राहिली.

तिचा मुलगा मिलिंद त्याच शेडात जॉबर होता. माग बिघडला की जॉबरला हाक जायची. मिलिंदच्या हाताला यश होतं आणि तोंडाला विश्रांती नव्हती. माग दुरुस्त करताना तो मागाशी बोलायचा, घरी आल्यावर मागाविषयी बोलायचा, आणि झोपेत कधीकधी मालकाशी भांडायचा. मग चौऱ्याण्णव साली शेड बंद पडला. माग भंगारात गेले. ज्या दिवशी शेवटचा माग ट्रकवर चढला, त्या दिवशी मिलिंद घरी आला, जेवला आणि गप्प झाला.

गप्प म्हणजे असा तसा नाही. वर्षभर त्या घरात "हूं" आणि "उंहूं" हे दोनच शब्द त्याच्या तोंडून निघाले. एका वर्कशॉपात हंगामी कामाला जायचा, यायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. बनाबाईनं काय काय केलं! एकदा भर दुपारी "साप! साप!" म्हणून ओरडली. मिलिंद उठला, काठी घेतली, चारी कोपरे बघितले, काठी जागेवर ठेवली आणि पुन्हा पडला. एक शब्द नाही. त्या दिवशी बनाबाई मोरीत जाऊन रडली. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा डोळ्यांसमोर आहे आणि घरात नाही, हे दुःख कुणाला सांगणार? आळीत तर तिची कीर्ती अशी, की ती रडली तरी लोक म्हणाले असते, आता कुणाची खोडी काढतीय बघा.

त्यातून त्याला बाहेर काढलं ते एका काचेच्या तुकड्यानं. सांगलीत कुणाचं तरी व्याख्यान होतं, आरसा घरी घासून दुर्बीण कशी करावी यावर. वर्कशॉपातला एकजण मिलिंदला ओढून घेऊन गेला. पंधरा दिवसांनी घरात दोन जाड गोल काचा आल्या, ताटलीएवढ्या, आणि एक रिकामं पिंप आलं. पिंपावर एक काच ठेवायची, मध्ये पाणी आणि घासायची पूड टाकायची, वर दुसरी काच धरून घासत पिंपाभोवती फिरायचं. आठ महिने मिलिंद त्या पिंपाभोवती फिरत होता.

"दळतोयसच तर जवारी तरी दळ," बनाबाई म्हणाली.

"आये, ह्यो आरसा हाय. ह्याला खोलगट करायचाय, केसाच्याबी शंभराव्या भागाइतकी चूक चालत न्हाई."

बनाबाईच्या हातातलं लाटणं तिथंच थांबलं. वर्षानंतर पोरगा एक अख्खं वाक्य बोलला होता. तिनं लगेच दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. तिला आरशात काडीचा रस नव्हता, पण पोरगा बोलतोय म्हटल्यावर तिनं आरशाविषयी इतकं विचारलं, की शेवटी तिला समजायला लागलं. आरसा मुलामा द्यायला पुण्याला जाऊन आला, प्लायवूडची लांब पेटी झाली, भंगारातून शोधलेली मागाची दातेरी चक्रं तिला बसली आणि हाताळायला एक मूठ आली. आणि सत्त्याण्णवच्या मार्चात आभाळात धूमकेतू आला. नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, शेपटीसकट, रोज दिवेलागणीनंतर वायव्येला. एकदा गेला की परत यायला दोन-अडीच हजार वर्षं लागणार, असं पेपरात आलं होतं.

"मी त्येचा फोटो काढणार," मिलिंदनं जाहीर केलं. बनाबाईला फोटोचं काही नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की हा फोटो आला नाही तर पोरगा पुन्हा भिंतीकडे तोंड करील, आणि या वेळी त्याला वळवायला दुसरा धूमकेतू येणार नाही.

माधवनगरात दिव्यांचा उजेड फार, म्हणून मायलेक दुर्बीण घेऊन वडूजला गेले. वडूज बनाबाईचं माहेर. तिथला लालासाहेब तिच्याबरोबर चौथीपर्यंत शिकलेला, पुढं फौजेत जाऊन हवालदार होऊन आलेला. त्याची गावाबाहेर माळाला लागून जमीन होती आणि एक विहीर. लहानपणी त्या विहिरीची पायरी उतरायला बनाबाईच्या घराला मनाई होती. आता लालासाहेबानं विहिरीवरची मोटारीची खोली दुर्बिणीला दिली. बनाबाई पहिल्याच दिवशी मुद्दाम पायऱ्या उतरून खाली गेली, ओंजळभर पाणी प्यायली आणि वर येऊन म्हणाली, "मचूळच हाय की रं लालासाब. आमी उगंच येवढी वर्सं हेवा केला." लालासाहेब हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

फोटो काढायची रीत अशी. आभाळ सरकत असतं, त्याच्याबरोबर दुर्बीण सरकली पाहिजे. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण बांधलेली. तिच्या आत कोळ्याच्या तंतूची फुली. त्या फुलीवर एक चांदणी धरायची आणि दहा मिनिटं मूठ इतकी हळू फिरवायची, की चांदणी फुलीवरून ढळता कामा नये. तेवढा वेळ कॅमेऱ्याचा पडदा उघडा. पहिल्या रोलच्या वेळी सांगलीच्या स्टुडिओवाल्या वीरधवलनं फोटोच छापले नाहीत. "सगळं काळं आलंय, वाया गेला रोल," म्हणाला. मिलिंदनं त्याला आभाळ काळंच असतं हे पटवून दिलं, तेव्हा कुठं छापले. छापल्यावर दिसलं, की प्रत्येक चांदणी तीन कोपऱ्यांची आली आहे.

"सामोसं काडल्यात व्हय?" वीरधवलनं विचारलं.

चूक मिलिंदला लगेच कळली, आणि ती जॉबरनंच करावी अशी चूक होती. मागावर एक बोल्ट ढिला राहिला की दिवसभर धागे तुटतात, म्हणून जॉबर जे दिसेल ते आवळत सुटतो. मिलिंदनं आरसा धरून ठेवणारे कडेचे तिन्ही आकडे असे करकचून आवळले होते, की काच दाबली गेली होती. त्यानं आकडे सैल केले. पुढच्या रोलला चांदण्यांचे कोपरे गेले, पण प्रत्येक चांदणी लांबट झाली होती.

"आदी सामोसं, आता शेवया," बनाबाई म्हणाली. "पुडच्या बारीला जिलबी कर बाबा, म्हंजी जेवण पुरं हुतंय."

मिलिंद हसला नाही. त्याचं म्हणणं, चांदणी फुलीवरून जराही ढळली नव्हती, माझा हात स्थिर होता, तेव्हा दुर्बिणीला बाहेरून कुणीतरी हलवतंय. मग आरोपी शोधायची मोहीम सुरू झाली. पहिला संशय म्हशीवर. तिला लांबच्या बाभळीला नेऊन बांधलं. दुसरा संशय वाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. लालासाहेबाला ते काम फारच आवडलं. तो अंधारात वाटेवर उभा राहिला आणि स्वतःच्या बायकोवर, भाकरी घेऊन येणाऱ्या राहीबाईवर ओरडला, "थम! कौन आता है?" राहीबाईनं भाकरीचं फडकं तिथंच ठेवलं आणि "तुमची आई," असं उत्तर देऊन ती माघारी गेली.

त्या संध्याकाळचा रोल दुसऱ्या दिवशी धुऊन आला, त्यातही शेवयाच निघाल्या. तेव्हा मिलिंद आईकडे वळला.

"आये, तू काल काय करत हुतीस?"

"चटणी कांडत हुते. खाताना ग्वाड लागली की."

"त्या उखळाचा हादरा बसला. आजपासनं मूठ फिरतीया तवर उखळाला हात लावायचा न्हाई."

उखळ खोलीपासून पन्नास पावलांवर होतं. बनाबाईनं जन्मभर दुसऱ्यांवर आळ घेतले होते, पण तिच्यावर कुणी खोटा आळ घेतलेला तिला मुळीच खपायचं नाही. "माज्या उखळानं आभाळातल्या चांदण्या हालत्यात व्हय? मग रोज भूकंप हुयाला पायजे वडूजात!" ती तणतणत गेली खरी, पण मोरीत हात धुताना तिला एक गोष्ट सुचली, आणि तिचा राग एकदम निवळला. खोडी सुचली की तिचा राग असाच निवळायचा.

दुसऱ्या दुपारी मिलिंद बॅटरीचे सेल आणायला गावात गेला होता. दुर्बीण खोलीबाहेर उभी होती, तोंड वर करून. बनाबाईनं कपड्याची नीळ घट्ट कालवली, केरसुणीची एक काडी घेतली, पेटीच्या बुडाशी वाकली आणि आरशाच्या कडेवरून खालच्या लाकडी बैठकीवर एक बारीक रेघ ओढली. निम्मी रेघ काचेवर, निम्मी लाकडावर. तीस वर्षं ताण्यावर रेघा ओढलेला हात, रेघ वाळल्यावर कुणाला दिसलीही नसती.

संध्याकाळी मिलिंदनं दुर्बीण धूमकेतूकडे वळवली. धूमकेतू क्षितिजाच्या वर जेमतेम कासराभर, त्यामुळं पेटी जवळजवळ आडवी झाली. दहा मिनिटं मूठ फिरली. म्हैस बाभळीखाली, हवालदार वाटेवर, उखळ गप्प. पडदा बंद झाल्याबरोबर बनाबाई कंदील घेऊन आली.

"आता हितं बग."

मिलिंद वाकला. लालासाहेबही वाकला. रेघ मोडली होती. लाकडावरची जागच्या जागी होती आणि काचेवरची खाली घसरली होती, वीस नंबरच्या सुताची जाडी असते तेवढी. पेटी आडवी केल्यावर आरशाचा सगळा भार कडेच्या दोन सैल आकड्यांवर येत होता आणि मूठ फिरेल तसा आरसा आतल्या आत सरकत होता. छोट्या दुर्बिणीला त्याचा पत्ताच नव्हता. ती बिचारी चांदणी फुलीवर धरून बसली होती.

"हवालदार," बनाबाई मोठ्यानं म्हणाली, "म्हशीला सोडा आता. तिचा गुन्ना न्हाई. चोर तर आमच्याच घरातला निगाला!"

लालासाहेब गुडघ्यावर थाप मारून हसला. बनाबाईही हसली. मिलिंदनं कंदिलाच्या उजेडात दोघांकडे बघितलं, पेटीचं झाकण लावलं आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

सकाळी चहा पाहिजे का विचारलं, तर "हूं." भाकरी वाढू का, तर "उंहूं."

बनाबाई भाकरी तशीच झाकून उंबऱ्यात बसली. आपण खोडी काढली ती कुणाची? मुकादमाची काढली असती तर गोष्ट वेगळी. पोराला दुर्बिणीतलं कळत होतं, तेवढी एकच गोष्ट त्याच्यापाशी उरली होती, आणि तिच्यावरच परक्या माणसासमोर आपण हसलो. आपली जीभ उपटून उखळात कांडावी असं तिला वाटलं. दुसरा दिवस तसाच गेला. अमावास्या होऊन गेली होती, पाडव्याच्या गुढ्या उतरल्या होत्या, पश्चिमेला चंद्राची कोर दिसायला लागली होती. कोर वाढली की आभाळ उजळणार आणि धूमकेतू फिका पडणार. तिसऱ्या दिवशी सकाळी मिलिंद दुर्बिणीचे स्क्रू काढायला बसला. माधवनगरला परत जायची तयारी.

माफी मागणं बनाबाईला कधी जमलं नव्हतं. तिनं दुसरी वाट धरली. खोलीच्या दारावर तिनं दोन खिळे ठोकले, राहीबाईचा तवा आणला आणि तो त्या दोन खिळ्यांवर उभा ठेवला. तवा म्हणजे आरसा, खिळे म्हणजे आकडे. तवा घसरून धाडकन खाली पडला. मिलिंदनं मान वर केली नाही. मग तिनं पिशवीतून, सामान बांधायला आणलेला, मागाचा एक जुना सुती पट्टा काढला. मिलिंद तान्हा असताना याच पट्ट्याची झोळी करून तिनं त्याला शेडाच्या वाशाला टांगलं होतं, आणि तो त्यात जागचा न हलता झोपायचा. पट्ट्याची दोन टोकं खिळ्यांना बांधून तिनं तवा त्या झोळीत बसवायला घेतला. आणि बांधताना एक टोक मुद्दाम वर घेतलं, दुसरं मुद्दाम खाली सोडलं, गाठीवर गाठ मारली, पट्ट्याला मधेच पीळ पाडला.

जॉबरच्या समोर कुणी चुकीची जोडणी करत असलं तर त्याच्या पोटात दुखतं. मिलिंदच्या हातातला पाना थांबला. बनाबाईनं पट्ट्याला दुसरा पीळ पाडला. मिलिंदनं डोळे मिटून घेतले. बनाबाईनं एका बाजूला हातोडीनं आणखी एक खिळा ठोकायला घेतला, पार भलत्याच जागी.

"आगं आये, तसं न्हवं!" मिलिंद ओरडला. "दोनी टोकं एका उंचीवर पायजेत! पट्टा सपाट बसला पायजे, निम्म्या गोलाला! आन ते आकडं नुसतं पुडं पडू नये म्हणून, भार सगळा झोळीवर... आन, हिकडं आन ते."

बनाबाई बाजूला झाली आणि तिनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती का रडत होती, हे राहीबाईलाही सांगता आलं नाही.

दुपारपर्यंत खरा आरसा झोळीत बसला. खालच्या अर्ध्या गोलाला पट्टा, पाठीमागं लालासाहेबाच्या जुन्या घोंगडीचे नऊ तुकडे, आणि आकडे इतके मोकळे, की मधून पोस्टकार्ड सरकावं. निळीची रेघ मिलिंदनं पुसली नाही. उलट आईच्या हातून आणखी दोन ओढून घेतल्या. पेटी उभी केली, आडवी केली, पुन्हा उभी केली. तिन्ही रेघा अखंड.

संध्याकाळी मूठ फिरायला लागली तेव्हा बनाबाई लांब जाऊन श्वास धरून बसली. तेवढ्यात अंधारातून मिलिंदचा आवाज आला, "आये, उखळात कांडाय काय हाय का न्हाई?"

"शेंगदाणं हायत. का रं?"

"मग कांड की. हूं दे हादरं."

बनाबाईनं त्या दहा मिनिटांत पायलीभर शेंगदाण्यांचं पीठ केलं.

दोन दिवसांनी सांगलीच्या स्टुडिओत वीरधवलनं ओला फोटो चिमट्यानं उचलून दिव्याखाली धरला. धूमकेतूची शेपटी कडेपर्यंत गेली होती आणि भोवती मोहरी सांडावी तशा चांदण्या, एकूण एक गोल. वीरधवलनं भिंग लावून बघितलं, मग गिऱ्हाइकांना बोलावून दाखवलं. काचेच्या कपाटात लावायला एक प्रत मागितली. मिलिंदनं ती दिली आणि तिथंच बोलायला सुरुवात केली.

तो स्टुडिओत बोलला, रस्त्यात बोलला, बसमध्ये चढताना कंडक्टरशी बोलला. सीटवर बसल्यावर आईशी बोलायला लागला. पुढचा आरसा दहा इंची करणार. आळीतल्या पोरांना घासायला शिकवणार. वीरधवल म्हणतोय, कॉलेजात नेऊन दाखवू. झोळीला नवा पट्टा लागेल, नवार चालेल का, तुला काय वाटतं? बनाबाई खिडकीपाशी बसून ऐकत होती. फोटोचं पाकीट तिच्या मांडीवर होतं आणि ते तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं.

माधवनगरचा स्टॉप आला. निम्मी बस उतरली. बनाबाई उठली नाही. कंडक्टरनं घंटा मारली, बस पुढं निघाली, तेव्हा मिलिंद दचकला.

"आगं, आपला स्टॉप ग्येला की!"

"जाऊं दे की," बनाबाई म्हणाली. "बुधगावला उतरू आन चालत माघारी यू. तू बोल."